दोन पिवळ्या खुणा

आमची प्रियदर्शिनी दहावी झाली त्या वर्षी, म्हणजे दोन हजार तेवीसच्या मे महिन्यात, भामाच्या पोटात पहिल्यांदा दुखलं. नातीचे पेढे वाटायला ती हैदराबादेतल्या तारनाक्याच्या आमच्या गल्लीत निघाली होती. तीन घरं झाली. चौथ्या घराच्या पायरीवर ती बसली ती उठेचना. डबा मांडीवर, दोन्ही हात पोटावर, आणि चेहरा असा की मी बेचाळीस वर्षांच्या संसारात बघितला नव्हता. "पोटातून पाठीत काहीतरी आरपार चाललंय," म्हणाली. आठ दिवस दवाखान्यात काढले. डॉक्टर तरुण होता, तेलुगू, बोलायला गोड. त्यानं माझ्या मुलाला, संदेशला, कागद दाखवला आणि बोट ठेवून काही समजावलं. मी संदेशच्या खांद्यावरून पाहिलं. इंग्रजीत होता, तरी बोटाखालचा शब्द मी डॉक्टरच्या आधी वाचला. अमायलेज. स्वादुपिंडाच्या रसातल्या एका द्रव्याचं नाव, इंग्रजीतला मी वाचलेला पहिला शब्द. आपल्या गावचा माणूस परक्या शहरात भलत्याच ठिकाणी दिसावा तसं झालं मला. आनंद नव्हे. हा इथं कसा, आणि यानं मला ओळखलं तर, असं.

मी सदतीस वर्षं उंदीर सांभाळले. शहराच्या उत्तर टोकाला एक छोटी संशोधन संस्था होती, आता ती इमारतही नाही. तिच्या मागच्या बाजूला प्राणिगृह होतं, तिथं मी पिंजरे धुवायला लागलो तेव्हा मला सही येत नव्हती. आमचं मूळ उदगीरकडचं. वडील मोलमजुरीला हैदराबादेत आले आणि माझी शाळा राहून गेली ती राहूनच गेली. भामा चौथी शिकलेली. लग्नानंतर कितीतरी वर्षं तिनं हे हसण्यावारी नेलं. मग मी चाळिशीला आलो तेव्हा एक दिवस म्हणाली, "बसचा नंबर पोरीबाळींना विचारता, लाज नाही वाटत?" पिंजऱ्यांना कार्डं अडकवलेली असत, पांढरी, जाड. प्रयोग संपला की ती टाकून देत. मी ती घरी आणायचो आणि भामा त्यांच्या कोऱ्या बाजूवर मला क, ख, ग काढून द्यायची. पुढच्या बाजूला उंदरांचा जन्म, वजन, गट. मागच्या बाजूला माझं अक्षर, वाकडंतिकडं. ती चुलीशी बसून म्हणायची, "मास्तरणीला नमस्कार करा आधी." मराठी तिनं शिकवलं. इंग्रजी मी बर्फात ठेवलेल्या नळ्यांवरच्या चिठ्ठ्यांवरून उचललं. अमायलेज. लायपेज. लिव्हर. लंग. किडनी. त्यामुळे माझी इंग्रजी अजून अशी आहे की मला पोटातले अवयव लिहिता येतात, पण पत्ता लिहिता येत नाही.

डॉक्टर म्हणाला, "अम्मा के पित्ते में पत्थर हैं. एक फिसल के नीचे फँसा, उसीसे ये हुआ. इस बार बच गए. पित्ता निकालना पडता, नहीं तो फिर आता ये." भामानं खाटेवरूनच हात हलवला. "नक्को साब. काटनेका नक्को." मग माझ्याकडे वळून मराठीत, "तुमच्या उंदरांसारखं मला नाही फाडून घ्यायचं." यात माझाच दोष होता. इतकी वर्षं संध्याकाळी घरी येऊन मी काय सांगत होतो? आज पोट उघडलं, आज काळीज काढलं, आज अमुक. तिला वाटायचं, पोट उघडलेलं कुणी परत पिंजऱ्यात जात नाही. माझ्या सांगण्यात तरी कुणी गेलेलं नव्हतं.

आणि मग जूनमध्ये संदेश ती बाटली घेऊन आला. तो रेल्वेत कारकून. मोठ्यानं बोलायची सवय. दारातूनच ओरडला, "बाबा, बघा! तुमचीच दवा निघाली बाजारात." गोळ्यांची बाटली होती, हिरवं झाकण, आणि आत घडी घातलेला कागद. एका रानवेलीच्या मुळाचा अर्क. स्वादुपिंडाच्या सुजेवर. प्रियदर्शिनीला मराठी वाचता येत नाही, हा कागद मात्र ती फाडफाड वाचायला लागली. "आजोबा, धिस इज क्रेझी! तुमच्या लॅबचा स्टडी आहे. नाइन्टीन नाइन्टी-एट. उंदरांमध्ये लंग आणि लिव्हरमधली एन्झाइमची ॲक्टिव्हिटी नॉर्मल राहिली म्हणे. चारुलता मॅमचं नाव पण आहे. तुमचं नाही टाकलं, चीटर्स." भामानं बाटली हातात घेतली, उजेडात धरली. "माझ्या नवऱ्याच्या हातचे उंदीर जगले या दवेवर," ती म्हणाली, "मग मला काय धाड भरलीय?" आणि सगळे हसले. मीही हसलो. त्या हसण्याचा मला आज सगळ्यात जास्त राग येतो. तोंड उघडायला ती वेळ होती. मी तोंड उघडलं ते हसायला.

चारुलताबाई पुण्याच्या. पंचविशी ओलांडलेली मुलगी, एकटी बरकतपुऱ्यात खोली घेऊन राहायची आणि पीएचडी करायची. मी तिला मॅडम म्हणायचो, ती मला एकनाथ. तिनंच मला हा आजार समजावून सांगितला होता, कारण माझ्याशी मराठीत बोलायला तिला बरं वाटायचं. "हे बघ एकनाथ, जेवण पचवायचा रस इथं तयार होतो. तो आतड्यात गेल्यावरच कामाला लागायला हवा. या आजारात तो जागच्या जागीच कामाला लागतो. स्वादुपिंड स्वतःलाच पचवायला लागतं. मग तो रस रक्तात उतरतो, आणि फुप्फुस, यकृत, मूत्रपिंड, कुणालाच सोडत नाही." आम्ही उंदरांच्या पोटात सुई देऊन हा आजार मुद्दाम आणायचो. पाच गट, एकेका गटात सहा उंदीर. चौथ्या गटाला आजारही आणि त्या मुळाचा अर्कही. तिसऱ्या दिवशी सकाळी सगळे मारायचे, अवयव काढायचे, गार पाण्यात धुवायचे, तोलायचे, बर्फात ठेवून काचेत वाटायचे. त्या वाटलेल्या पाण्यात कुठला रस किती कामाला लागलाय ते यंत्र सांगायचं. निरोगी स्वादुपिंड फिकट गुलाबी, आंब्याच्या कोवळ्या पानासारखं मऊ. आजारी उंदराचं सुजून पाणी धरलेलं, आणि आजूबाजूच्या चरबीवर पांढरे ठिपके, कुणी चुन्याचं बोट पुसल्यासारखे. मला ते बघून काही वाटत नसे. वाटलं असतं तर नोकरी झाली नसती.

उंदीर सगळे पांढरे. ओळखायचे कसे? पिक्रिक ॲसिडचा पिवळा रंग असायचा, त्याची खूण करायची. एकाच्या डोक्यावर, एकाच्या पाठीवर, एकाच्या शेपटीवर, एकाच्या उजव्या पायावर, एकाच्या डाव्या. सहावा कोरा. त्यांची नावंच ती: डोकं, पाठ, शेपूट, उजवा, डावा, कोरा. मला अक्षर येत नव्हतं तेव्हाही हे वाचता येत होतं. हा सगळा प्रयोग आम्ही तीनदा केला. पहिल्या दोन खेपांना अर्क दिलेल्या गटातलेच उंदीर आधी मेले. मोठे साहेब दोन्ही वेळा माझ्यावर घसरले. "पाणी दिलं नसेल यानं. पिऊन झोपला असेल." मी दारूला हात लावत नव्हतो. पण चतुर्थ श्रेणीतल्या नोकराला असं बोलायला पुरावा लागत नाही. तिसऱ्या खेपेच्या आधी चारुलताबाई पिंजऱ्यांसमोर स्टुलावर बसून म्हणाल्या, "आता मेले ना एकनाथ, तर मी सामान बांधते. घरचे वाटच बघतायत." तिसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी दार उघडलं. चौथ्या गटाच्या पिंजऱ्यात पाठ आणि शेपूट भुशात आडवे पडलेले. ताठ. बाटलीत पाणी होतं, नळीला थेंब होता. माझी काही चूक नव्हती. पण ते मला कोण विचारणार होतं? मी दोघांना उचलून जाळायच्या पिशवीत घातलं. शेजारच्या खोलीतून साठ्यातले दोन नर आणले. एकाच्या पाठीवर पिवळा बोळा फिरवला, एकाच्या शेपटीवर. लवकर वाळावं म्हणून तोंडानं फुंकर घातली. उंदराच्या अंगाला एक ऊब असते, ती फुंकरीबरोबर परत तोंडावर येते. ती अजून येते.

लोकांना वाटेल, फसवायचं म्हणून केलं. तसं नव्हतं, आणि हेच कुणाला पटणार नाही. माझ्या डोक्यात हिशेब हजेरीसारखा होता. सहा लागतात, सहा आहेत. उंदीर तो उंदीर. ते सहा उंदीर मिळून एक आकडा होतो, आणि दोन बदलले की आकडा खोटं बोलायला लागतो, हे मला माहीतच नव्हतं. ते कळलं पाच वर्षांनी, वाचता यायला लागल्यावर, तिच्या प्रबंधातल्या तक्त्यावर बोट फिरवताना. चौथा गट: फुप्फुस, बरं. यकृत, बरं. मूत्रपिंड, बरं. बोट तिथंच थांबलं. बरे होते कारण त्यातले दोघे आजारीच पडले नव्हते. पण तोवर दुसरं एक पान माझ्या भिंतीवर लागलेलं होतं. प्रबंधाच्या सुरुवातीला बाईंनी आभार मानले होते, मोठे साहेब, आईवडील, आणि शेवटी इंग्रजीत, प्राणिगृहातल्या श्री. एकनाथराव यांनी प्राण्यांची जिवापाड काळजी घेतली त्याबद्दल. छापलेलं माझं पहिलं नाव. त्याच्यापुढे श्री. होतं आणि मागे राव. आबिड्सला जाऊन मी त्या पानाची झेरॉक्स काढली, काच लावून घेतली आणि देवांच्या शेजारी टांगली. गावाकडून कोण आलं की भामा त्यांना तिथं उभं करायची. इंग्रजी तिला येत नव्हतं, पण ओळ कुठली ते माहीत होतं. संदेशनं शाळेत निबंध लिहिला, माझे वडील शास्त्रज्ञांबरोबर औषध शोधतात. मी काही बोललो नाही. माणूस एकदा गप्प राहिला की पुढचं गप्प राहणं सोपं जातं. अंगवळणी पडतं.

जून, जुलै, ऑगस्ट. भामा सकाळ-संध्याकाळ गोळी घेत होती आणि मी समोर बसून बघत होतो. दुखणं आलं नव्हतं. संदेश म्हणायचा, "बघा, गुण आला का नाही?" खडे आत होतेच. मला सगळं ठाऊक होतं, अगदी हेही की उंदराला पित्ताची पिशवीच नसते. देवानं त्याला दिलेलीच नाही. म्हणजे माझे उंदीर खरे असते तरी त्यांनी भामाच्या खड्यांबद्दल काय सांगितलं असतं? हे मी तिला एकदा सांगूनही पाहिलं. ती म्हणाली, "दवा ती दवा. तुम्हाला तुमच्याच कामावर भरवसा नाही होय?" उत्तर जिभेवर होतं. मी उठून अंगणात गेलो, नळ चालू केला, हात धुतले, पुन्हा धुतले. भामाची धाकटी बहीण गंगू मौला अलीला राहते. तिची पित्ताची पिशवी काढून आठ वर्षं झाली. ती येऊन भामाला टोचून गेली. "अगं, चार भोकं पाडतात. मी काय मेले का? उलट तळलेलं खाते आता तुझ्यासमोर." भामा म्हणाली, "तुझा नवरा बसवर होता. माझा दवाखान्यासारख्याच ठिकाणी होता." गंगू माझ्याकडे बघून म्हणाली, "दाजी, तुम्ही तरी सांगा हिला." मी म्हणालो, "सांगतो." त्याला पुढे महिना लागला.

आधी मी वाट शोधली ती स्वतः न सांगता तिला सांगायची. गणपतीच्या तिसऱ्या दिवशी दर्शनाचं निमित्त करून बरकतपुऱ्याला गेलो. चारुलताबाई आता कुठल्याशा कॉलेजात प्राचार्य. घर स्वतःचं. केस पांढरे, तेही नीट कापलेले. "या ना एकनाथराव," म्हणाल्या, "किती वर्षांनी." पूर्वी मी वयानं मोठा असून एकनाथ होतो. त्या छापील ओळीपासून राव झालो होतो. आरास बघितली, खिरापत घेतली. आतल्या खोलीत पाहुणे हसत होते. मी हळू आवाजात म्हणालो, "मॅडम, ते औषध बाजारात आलंय."

"माहीत आहे. कंपनीवाल्यांनी जुना शोधनिबंध उचलला. मी ते काम कधीच सोडलं."

"आमच्या हिला ऑपरेशन सांगितलंय. ती गोळ्यांवर बसून आहे. तुम्ही एकदा फोनवर सांगा तिला. तुमचं ऐकेल."

"मी काय सांगणार? डॉक्टर सांगतात ते करा म्हणावं."

"निबंध चुकीचा आहे, एवढंच सांगा."

त्या देवासमोरच्या दूर्वा सरळ करत होत्या. हात थांबला नाही. "कोण म्हणतं चुकीचा आहे?"

तेव्हा मी सांगितलं. पंचवीस वर्षांनी, एका दमात, खाली बघून. तिसऱ्या खेपेला दोन मेले होते मॅडम, मी बदलले. मला वाटलं होतं त्यांना धक्का बसेल, त्या रडतील, ओरडतील, मला घराबाहेर काढतील. मी त्याची तयारी करून गेलो होतो. त्या म्हणाल्या, "पाठ आणि शेपूट."

मी वर बघितलं.

"पाठ आदल्या दिवशी एकशे चौऱ्याऐंशी ग्रॅम होता," त्या म्हणाल्या, "आणि त्या सकाळी दोनशे एकवीस. आजारी, रात्रभर उपाशी ठेवलेला उंदीर. मी वजनकाट्यावरून त्याला उतरवलं, वहीत आदल्या दिवशीचा आकडा खोडला आणि दुसरा लिहिला. तुमची बोटं पिवळी होती एकनाथराव. आठ दिवस होती."

"मग ते आभार?"

आतून कुणीतरी आरतीला बोलावत होतं. "का? बरं वाटलं ना तुम्हाला?" त्यांनी विचारलं. तो टोमणा नव्हता. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं असावं. मग दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "आता हे कुठं बोलू नका. तुमच्याच मुलानातवंडांची मान खाली जाईल." हातात मोदकांचा डबा दिला, भामासाठी.

परत येताना बस काचीगुड्याला बराच वेळ उभी होती. मी खिडकीपाशी बसून एकच गोष्ट उलटसुलट करत होतो. मला वाटत होतं की माझ्याकडे एक पाप आहे आणि एक मान आहे, आणि पाप सांगितलं तर मान जाईल. म्हणून चार महिने मी दोन्ही जपत बसलो. तो मान नव्हताच. ती तोंड बंद ठेवायची चिठ्ठी होती, आणि मी तिला काच लावली, हार घातला, बायकोला तिची ओळ बोटानं दाखवायला शिकवलं. वाचायला शिकलो नसतो तर बरं झालं असतं, असंही वाटलं. पण ते खोटं आहे. न वाचणाऱ्यालाही पिवळी बोटं दिसतात. बाईंनी माझी पाहिली होती. मी माझी पाहिली नाहीत.

घरी आलो तेव्हा दुपार होती. भामा पेपरवर अंबाडी निवडत बसली होती. डबा बघून म्हणाली, "गेला होता तर मला न्यायचं की. बाईंना बघितलं असतं." मी चप्पल न काढताच समोर बसलो. "त्या गोळ्या बंद कर," म्हणालो.

"का?"

मी सांगितलं. उंदीर, पिवळा रंग, वजन, वही, आभार. तिचं पानं खुडणं चालू होतं, देठ एका बाजूला, पानं एका बाजूला. मी संपवल्यावर तिनं विचारलं, "झालं? एवढंच?"

"एवढंच."

"मग चार महिने काय करत होता?"

मी म्हणालो, "तुझा त्या दवेवर विश्वास होता."

"माझा?" तिनं पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. "मला काय कळतंय त्यातलं? कडूजहर लागतात मेल्या. तुमच्या हातचं काम म्हणून गिळत होते. तुम्ही समोर बसून बघायचात दोन्ही वेळेला. मला वाटलं, म्हाताऱ्याला बरं वाटत असेल." मग देठ गोळा करत, आवाज न चढवता म्हणाली, "उंदीर तिचे, वही तिची, ती बघून घेईल. पण माझ्या पोटात खडे आहेत हे तुम्हाला माहीत होतं. मला कापायची भीती वाटायची, तेही माहीत होतं. 'भामे, ही दवा खोटी आहे, चल दवाखान्यात,' एवढे शब्द नव्हते तुमच्याकडे? मी शिकवले होते की."

तिनं पदराला हात पुसले आणि फोन उचलला. "गंगे, तुझा डॉक्टर कोण होता गं? हां, तोच. नाही नाही, दुखत नाही. काढून टाकायचं म्हणते." पलीकडून गंगू जोरात काहीतरी बोलली आणि भामा हसली. इतकं सोपं होतं ते. मी चार महिने ज्या डोंगरापाशी उभा होतो, तो तिनं एका फोनवर ओलांडला. डोंगर तिच्या वाटेवर नव्हताच. रागानं ती मला दोन शिव्या देती तर मला सोसलं असतं. तिनं संध्याकाळी अंबाडीची भाजी केली, मला वाढली, आणि संदेशला सांगितलं, "बाबांनी समजूत घातली माझी." खरं कारण तिनं त्याला सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही. तो अजून ती दवा चांगली आहे म्हणून लोकांना सांगतो.

डॉक्टरनं सोळा ऑक्टोबर तारीख दिली. पितृपक्ष संपल्यानंतरची म्हणून भामाला बरी वाटली. "आता पितरांचं आटपून निवांत जाऊ," म्हणाली. गोळ्यांची बाटली तिनं रिकामी करून धुतली आणि तिच्यात मोहरी भरली. त्या दोन आठवड्यांत आम्ही पुष्कळ बोललो, पण याबद्दल नाही. एकदा फक्त तिनं विचारलं, "उंदरांना दुखायचं का हो?" मी म्हणालो, "हो." "कसं कळायचं?" "पाठ वाकवून कोपऱ्यात बसायचे. खायचे नाहीत." मग म्हणाली, "माझंही तसंच झालं होतं पायरीवर."

सात ऑक्टोबरला शनिवारी सकाळी मी दूध घेऊन आलो तर ती स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात भिंतीला टेकून बसलेली होती, पाठ वाकवून. या खेपेला खडा मोठा होता. दवाखान्यात त्याच तरुण डॉक्टरनं कागद बघितला आणि या वेळी तो गोड बोलला नाही. "चार महिने पहले निकालना था ना, अंकल," एवढंच म्हणाला. दुसऱ्या दिवशी तिला श्वासाला त्रास होऊ लागला. संदेश डॉक्टरांना विचारत होता, दुखणं पोटाचं, तर छातीला काय झालं? मला विचारायची गरज नव्हती. तक्त्यातले अवयव मला तोंडपाठ होते. आधी फुप्फुसं. तिसऱ्या दिवशी लघवी कमी झाली. मूत्रपिंडं. चौथ्या दिवशी डोळे पिवळसर दिसायला लागले. रोज सकाळी नवे आकडे यायचे. संदेश ते माझ्यापुढे धरून विचारायचा, "बाबा, तुम्हाला कळतं यातलं. कमी होतायत का?" मी कागद हातात घ्यायचो, वाचायचो, आणि म्हणायचो, होतायत. ते होत नव्हते.

भामा गुरुवारी, बारा ऑक्टोबर दोन हजार तेवीस रोजी, सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी वारली. तिचं वय त्रेसष्ट होतं. ऑपरेशनला चार दिवस राहिले होते.